टेबलं भाड्यानं देणारी

टेबलं माझी.
एकशे चाळीस, घडीची, लोखंडी पायांची.
शुक्रवारी पहाटे ट्रकमधून उतरवली
ब्रेमरहाफनच्या जुन्या मासळी-लिलावाच्या हॉलमध्ये.
लिलाव थांबून वीस वर्षं झाली,
पण हीटर लावला की फरशी अजून हेरिंगचा वास सोडते.

माझी टेबलं बरंच काही पाहून आलीत.
लग्नं, दफनानंतरची कॉफी, मतमोजणी,
एकदा पुरात माणसं झोपली होती त्यांच्यावर.
मी मोजून देते, मोजून घेते.
बसत नाही.

रविवारी चारला न्यायला आले
तर कुणी उठायलाच तयार नाही.
तीनशे डोकी पुठ्ठ्याच्या पटांवर वाकलेली,
फाशांची खडखड, पिशवीत हात घालून
लाकडी ठोकळे चाचपल्याचा आवाज,
आणि मधूनच कुठून तरी
डाव हातचा गेल्यावर येतं तसलं हसू.

"चौथा भिडू कमी पडतोय," देर्या म्हणाली,
औषधांच्या दुकानात शिकाऊ, नखं हिरवी,
आणि बाही धरून बसवलंच मला
सत्त्याऐंशी नंबरच्या टेबलाशी.
त्याचा डावा पाय आखूड आहे, मला ठाऊक.
खाली कुणीतरी कागदाची घडी सरकवली होती.

म्हटलं, मला कच्चं लिंबू धरा.
ओन्नो हसला. चाळीस वर्षं टगबोटीवर,
बोटं अशी की पत्ता त्यांत तिकिटाएवढा दिसे.
"इथं सगळेच कच्चे. हा खेळ ज्यानं केला
त्यालाही अजून जिंकता आलेला नाही."
करणारा मागेच उभा, गणिताचा मास्तर, त्यार्क,
मधे बोलायचं नाही अशी ताकीद मिळालेला,
ओठ मिटून, वहीत पेन्सिल रोवून.

बेट एक. समुद्र चढतोय.
आपण चौघं दीपगृहाचे राखणदार.
दिवा विझू द्यायचा नाही,
दर फेरीला एकानं आपलं काहीतरी
पाण्यात सोडायचं.
मग हरवायचं कुणाला, मी विचारलं.
"समुद्राला," चौथी म्हणाली, लहानखुरी गेझिने,
चष्मा कपाळावर, पहिल्यांदाच तोंड उघडून.

मी तेल साठवलं.
अकरा पिंपं, पटाच्या काठामागे, कुणाला न सांगता.
सवय. पुढच्या महिन्याचं भाडं कुणी बुडवलं तर?
पाचव्या फेरीला ओन्नोचा दिवा गेला,
मग देर्याचा,
मग बेटच गेलं, माझ्या अकरा पिंपांसकट.
त्यार्कनं वहीत लिहिलं, मला उलटं वाचता येतं:
*चौथी व्यक्ती तेल लपवते. नियम बदलावा का?*
खाली दोनदा रेघ.

त्यानंतर मेंढ्या हाकायचा एक खेळ, मला जमला नाही.
मग पत्त्यांचा, मासळीच्या भावाचा,
ज्यात थापा मारणं रीतसर होतं.
आणि याच छताखाली माझा बाप
कॉडवर बोली लावायचा,
चेहरा असा की आईलाही
घरी येईपर्यंत कळायचं नाही
विकत घेतलं की बुडालो.
मी तो चेहरा केला.
तीन डाव सलग. देर्यानं पत्ते आपटले,
ओन्नो म्हणाला, हिला आत कुणी सोडलं?

साडेसहाला दिवे अर्धे झाले.
घडी, खटका, ढीग. घडी, खटका, ढीग.
ट्रकमध्ये मोजली: एकशे एकोणचाळीस.
परत मोजली. तेवढीच.
हॉलच्या टोकाला सत्त्याऐंशी अजून उभं,
भोवती चार माणसं, पाचवी खुर्ची मोकळी,
आणि त्यार्क पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर
पिंपांचं चित्र खोडून पुन्हा काढतोय.

मी घड्याळ बघितलं.
मंगळवारी बेकरीवाल्या बाईच्या दफनाची कॉफी आहे,
वीस टेबलं, पांढरी चादर.
मंगळवारला अजून वेळ आहे.
ट्रकचं इंजिन बंद करून आले.